निमित्ताशिवाय रस्त्यावर

धुळे शहराची आखणीच रस्ता समोर ठेवून झाली. १८१९च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्जने खान्देशच्या कारभाराचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली, पांझरेकाठच्या जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखून घेतली आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या. एकमेकींना समांतर जाणाऱ्या सरळ गल्ल्या, त्यांना नावांऐवजी क्रमांक, आणि गावाचा कणा असलेला आग्रा रोड. चौथी गल्ली, पाचवी गल्ली एवढे सांगितले की पाहुणा चुकत नाही. अशा गावात माणूस फार वेळ आड राहत नाही. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती पावणेचार लाखांची भरली; शहर म्हणावे एवढी मोठी, तरी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलेला पोरगा कोणाचा, त्याचा बाप कुठे कामाला, मामा कुठल्या गावचे, हे दोन दुकानांच्या आत कळावे एवढी लहान.

या गावाच्या रस्त्यावर, भिंतीवर, चौकात, नदीकाठी ज्यांनी आपली कला मांडली किंवा मांडू पाहिली, त्यांच्यातल्या एका समूहाबद्दल पुढची पाने आहेत. समलिंगी, ट्रान्स, नॉन-बायनरी, हिजडा, जोगता, नाच्या. यातले काही शब्द कायद्यातून आले, काही गुरूच्या घरातून, काही फडातून, काही मोबाइलच्या पडद्यावरून. ज्याने जो शब्द स्वतःसाठी घेतला तो त्याचा, एवढे मानले की पुढचे वाचन सोपे जाते.

हा विषय मुंबई-बंगळुरूहून खान्देशात उतरला, असा एक समज आहे. तो मला पटत नाही. बाई आणि पुरुष यांच्यामधली रेघ ओलांडणारे कलावंत खान्देशाने कायम पाहिले आहेत, आणि बंद दाराआड नव्हे, उघड्यावर पाहिले आहेत. फक्त प्रत्येक वेळी त्यांना रस्त्यावर यायला काहीतरी निमित्त लागले. देवाचे, नवसाचे, लग्नाचे, बारशाचे, जत्रेचे. निमित्त असले की रस्ता मोकळा होतो, लोक कौतुकाने बघतात, ओवाळणी टाकतात, पाया पडतात. निमित्त सरले की त्याच माणसाला त्याच रस्त्यावर उभे राहण्याचे कारण विचारले जाते. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मूळ इथे आहे. रस्त्यावर चित्र काढू पाहणारा ट्रान्स चित्रकार किंवा चौकात नाचू पाहणारा मुलगा फार मोठे काही मागत नाही. निमित्ताशिवाय तिथे असण्याची मुभा मागतो.

श्रावणातली कानबाई घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिचा मुखवटा सजतो, भाऊबंद एकत्र येतात, रोट होतात, रात्र जागवली जाते. सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन नदीकडे निघते, आणि वाजतगाजत जाणाऱ्या त्या मिरवणुकीत बाया ज्या मोकळेपणाने फुगड्या खेळतात, फेर धरतात, तो मोकळेपणा त्यांना वर्षाच्या इतर दिवशी आग्रा रोडवर मिळत नाही. त्या सकाळी बायांच्या फेरात शिरून कंबर लचकवत नाचणाऱ्या पोराला कुणी हटकत नाही. देवीचे नाचणे आहे, असे म्हणतात. तोच पोरगा पुढच्या सोमवारी त्याच रस्त्याने तसाच चालला तर त्याच्या मागे शिट्ट्या येतात. सात दिवसांत पोरगा बदललेला नसतो.

सातपुड्यात होळीला याहून ठळक दिसते. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारमध्ये, अक्कलकुव्याकडच्या काठीसारख्या गावांत, नवस फेडणारे पुरुष व्रत घेऊन बुध्या, बावा होतात. अंगावर राखेचे ठिपके, कंबरेला घुंगरू-भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे किंवा बांबूचे टोप. या सोंगांमध्ये बाईचा वेश घेणारे पुरुषही असतात, आणि ते रात्रभर ढोलावर नाचतात. त्यांच्याकडे बघून कुणी नाक मुरडत नाही, कारण ते व्रतस्थ आहेत. खान्देशातल्या जत्राही आठवाव्यात. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, तसे ठिकठिकाणी तमाशाचे फड लागतात, आणि फडात नाच्या असतो. गण-गवळणीत मावशी येते ती बहुधा पुरुषच असते. प्रेक्षकांतले किती बाप त्या मावशीच्या एका टाळीवर पोट धरून हसले असतील, आणि घरी गेल्यावर आपल्या मुलाने बहिणीची ओढणी घेतली म्हणून त्याला बडवले असेल.

मराठी सिनेमात गणपत पाटलांनी नाच्या इतका परिणामकारक उभा केला की त्या भूमिकेचा शिक्का त्यांच्या खासगी आयुष्यावर बसला आणि आयुष्यभर पुसला गेला नाही. आनंद यादवांच्या कादंबरीवरून २०१०च्या सुरुवातीला आलेल्या ‘नटरंग’मध्ये हीच शिक्षा कथेचा गाभा झाली. पहिलवानी अंगाचा गुणा कलेपायी नाच्या होतो, आणि गाव त्याच्या कलेला दाद देतानाच त्याच्या पुरुषपणाचा हिशेब मागते. सिनेमा महाराष्ट्रभर चालला. गुणासाठी हळहळलेल्या प्रेक्षकांनी आपापल्या गावातल्या नाच्याला नंतर वेगळे वागवले का, हा प्रश्न मला त्या सिनेमाच्या यशाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

रंगभूमीने मात्र एका माणसाच्या बाबतीत हा भेद जवळजवळ मिटवला होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. लहानपणी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि पुढची अनेक वर्षे साडी कशी नेसावी, शालू कसा सावरावा, केसांत गजरा कसा माळावा, हे महाराष्ट्रातल्या घरंदाज बायका एका पुरुषाकडे पाहून शिकल्या. आज जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे, आणि जानेवारीच्या थंडीत तिथे त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. बालगंधर्वांना आजची कुठलीही ओळख चिकटवण्याचा माझा हेतू नाही. तो त्यांच्यावर अन्याय होईल. माझा मुद्दा प्रेक्षकांबद्दल आहे. स्त्रीचे रूप घेतलेल्या पुरुषाकडे आदराने, प्रेमाने, तासन्‌तास बघण्याची सवय या समाजाला होती. ती सवय कुणी परक्याने येऊन शिकवायची गरज नाही.

ती सवय कुठे तुटते, हे सतीश आळेकरांनी १९७९ साली ‘बेगम बर्वे’मध्ये दाखवले. बर्वे हा संगीत नाटकांच्या मावळत्या काळात बारीकसारीक स्त्रीभूमिका केलेला नट. आता तो उदबत्त्या विकतो, एका टांगेवाल्याच्या ताब्यात राहतो. नाटक मंडळी उरली नाही, पदे उरली, आणि अंगात मुरलेले बाईपण उरले. चंद्रकांत काळे यांनी केलेला हा बर्वे ज्यांनी पाहिला, त्यांना कळले की रंगमंचाने दिलेले अभय पडद्याबरोबर खाली येते. पडदा पडल्यावर बर्वेचे काय करायचे, याचे उत्तर बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या समाजाकडे नव्हते.

इथे कायद्याचा इतिहास सांगितलाच पाहिजे, कारण निमित्ताची ही अट नुसती लोकांच्या मनातून आलेली नाही. मराठ्यांच्या राजवटीत काही भागांत हिजड्यांना गावोगाव मागण्याचे वंशपरंपरागत हक्क आणि जमिनी होत्या. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ते मान्य करायचे हळूहळू थांबवले. मग १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. भटक्या जमातींवरच्या अन्यायासाठी तो कायदा आपल्याला माहीत आहे, पण त्याचा दुसरा भाग सरकार ज्यांना ‘युनक’ म्हणे त्यांच्याबद्दल होता. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. त्यात नोंद झालेल्या माणसाने बाईचे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसणे, सार्वजनिक जागी नाचणे, वाजवणे, खेळात भाग घेणे हा गुन्हा होता. विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. निजामाच्या हैदराबाद राज्यात १९१९ साली असाच कायदा झाला. अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की खान्देश संपून त्या राज्याची हद्द लागत असे. त्या कायद्यात तर रस्त्यावरून आपण दिसावे अशा हेतूने दुसऱ्या कुठल्या जागी उभे राहणेही गुन्ह्यात धरले होते. आपण दिसावे हा हेतूच शिक्षेला पात्र. आणि दिसण्याचा हेतू नसेल अशी कला कुठली असते? हा कायदा तेलंगणाच्या पुस्तकांत स्वातंत्र्यानंतरही पडून राहिला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये रद्द केला. इतक्या अलीकडे.

बाकीच्या तारखा बहुतेकांना ठाऊक आहेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७चा समलिंगी प्रौढांवरचा जाच संपला. २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा झाला. त्यावर त्या समूहातूनच झालेली टीका रास्त आहे. कोर्टाने हक्क दिला, तरी रस्ता तेवढ्याने मिळत नाही.

खान्देशात तो रस्ता आधी कुणी धरला, हे पाहिले की मला अभिमान वाटतो. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक गावात अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीने ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवरून अर्ज भरला. तो छाननीत फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांची स्वतःची ओळख ग्राह्य धरून त्यांना लढू दिले, आणि त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. २०२४च्या विधानसभेला रावेर मतदारसंघातून शमिभा पाटील वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवार होत्या. हे राजकारण झाले, कला नव्हे, असे कुणी म्हणेल. पण प्रचार म्हणजे काय? आपला चेहरा, आपले नाव, आपला आवाज गावाच्या भिंतीवर आणि चौकात मांडणे. निवडणूक हेही एक निमित्तच, मान्य. तरी ते देवाने, नवसाने किंवा दुसऱ्याच्या घरच्या पाळण्याने दिलेले नव्हते. ते त्यांनी स्वतः निवडले, अंजली तर त्यासाठी कोर्टात गेल्या. भिंतीवर आपण कुठल्या नावाने आणि कुठल्या रूपात यायचे हे त्यांनी ठरवले. चित्रकाराला आणि नर्तकाला हेच हवे असते.

भिंतीवरचे चित्र या अर्थाने आज देशात सर्वांत ठोस काम अरावनी आर्ट प्रोजेक्टने केले आहे. पूर्णिमा सुकुमार यांनी २०१६ साली बंगळुरूत तो सुरू केला. ट्रान्स स्त्रिया आणि इतर स्त्रिया मिळून शहरातल्या भिंती रंगवतात. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक के. आर. मार्केटच्या गजबजाटात झाले. पुढे दिल्लीतल्या लोधी कॉलनीसह अनेक शहरांत भिंती झाल्या, आणि २०२४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे मोठे भित्तिचित्र होते. व्हेनिसचा उल्लेख करताना आनंद होतो, तरी मला त्यांच्या कामातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. भित्तिचित्राला दिवस लागतात. भिंत घासायची, भेगा भरायच्या, प्रायमर मारायचा, रेखाटन चढवायचे, परांची बांधायची, मग रंग. तेवढे दिवस त्या बाया तिथेच असतात. सकाळी दुकान उघडणारा त्यांना बघतो, दुपारी शाळेतून येणारी मुले थांबतात, संध्याकाळी कुणीतरी चहा विचारतो, कुणीतरी कुजबुजतो, कुणीतरी घराची भिंत रंगवायला किती घ्याल असे विचारतो. सिग्नलवरच्या मंगतीत गाडीची काच वर जाईपर्यंतची भेट होते. लग्न-बारशाच्या बधाईत घरातल्यांना त्या लवकर जाव्यात असे वाटत असते. परांचीवर मात्र त्या कामावर असतात, मजुरीवर असतात, आणि त्यांच्या हातातला रंग हा त्यांच्या तिथे असण्याचा पुरावा असतो. चित्र पूर्ण होण्याआधी शेजार तयार होतो. माझ्या लेखी खरे काम ते.

हेच धुळ्यात करायचे म्हटले तर काय लागेल, याचा विचार भाबडेपणाने करून चालणार नाही. पहिली गोष्ट परवानगी. महाराष्ट्रात १९९५पासून मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. परवानगीशिवाय भिंतीवर लिहिणे-रंगवणे गुन्हा ठरू शकते. म्हणजे खासगी भिंत असेल तर मालक, सरकारी असेल तर महापालिका किंवा ते खाते. नाटकाचा प्रयोग असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी. या सर्व ठिकाणी अर्जात कारण लिहावे लागते. स्वच्छतेचा संदेश, मतदान जागृती, एड्स जनजागरण असे लिहिले की सही लवकर होते. ट्रान्स कलावंतांना रस्त्यावर सरकारी पैशातून जी कामे मिळाली, त्यांतली बरीच एड्सच्या नावाखाली मिळाली. त्या कामांनी जीव वाचवले, पोटे भरली. त्यांचे मोल कमी करता येणार नाही. तरी एखाद्या चित्रकाराला आजाराचा संदेश न देता पांझरेवरचा बगळा काढायचा असेल, तर त्याच्या अर्जाला तेवढ्याच लवकर सही मिळाली पाहिजे.

दुसरी गोष्ट ऊन. मेमध्ये धुळ्याचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, दुपारी भिंतीला हात लावता येत नाही. काम पहाटे आणि सूर्य कलल्यावर, किंवा दिवाळी ते होळीच्या मधल्या महिन्यांत. तिसरी गोष्ट, जी बैठकीत कुणी बोलत नाही, ती शौचालयाची. दिवसभर चौकात काम करणाऱ्या ट्रान्स स्त्रीने किंवा ट्रान्स पुरुषाने जायचे कुठे? समोरच्या दुकानदाराने किंवा शेजारच्या घराने आपले दार उघडले तर काम होते, नाही तर पाणी न पिता काम होते. चौथी गोष्ट मजुरी. समाजकार्य समजून फुकट रंगवून घ्यायची सवय इथे लवकर लागते. ज्याला भिंत रंगवता येते त्याला रंगाऱ्याइतका आणि ज्याला चित्र काढता येते त्याला चित्रकाराइतका मोबदला मिळावा.

भिंत नसेल तर फलक आहेत. धुळ्यात, जळगावात, खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात चौक फ्लेक्सने भरलेले असतात. वाढदिवस, निवड, अभीष्टचिंतन, भावपूर्ण श्रद्धांजली. १९९२ साली फेलिक्स गोन्झालेस-टोरेस या क्यूबात जन्मलेल्या कलावंताने न्यूयॉर्क शहरात २४ ठिकाणी जाहिरातीच्या मोठ्या फलकांवर एकच छायाचित्र लावले. एक दोघांचा पलंग, विस्कटलेली पांढरी चादर, दोन उशा आणि त्यांवर दोन डोक्यांचे खळगे. एकही अक्षर नाही. त्याचा जोडीदार रॉस १९९१ मध्ये एड्सने गेला होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला हे माहीत असण्याची गरज नव्हती. ज्याने कुणाला गमावले आहे त्या प्रत्येकाला ते चित्र आपले वाटले असणार. आपल्या चौकांत श्रद्धांजलीचे फलक रोज लागतात. पंधरा-वीस वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदाराचा फलक लावताना खाली शोकाकुल म्हणून स्वतःचे नाव घालता येत नाही, अशी माणसे आपल्याच गावांत राहतात. शोक जाहीर करायला गाव कधी कारण विचारत नाही, आणि यांना मात्र विचारते.

तिकिटाच्या खोलीतली कला अलीकडे वाढली आहे, आणि तिचे स्वागतच आहे. दुर्गा गावडे हे शिल्पकार, स्वतःला जेंडर-फ्लुइड म्हणवणारे, ड्रॅग किंग म्हणून महानगरांतल्या मंचांवर आले. अनिल वासुदेवन यांच्यासारख्या कलावंतांनी ‘बिन बायकांचा तमाशा’तून पुरुषांची लावणी शहरी नाट्यगृहांत नेली आणि तिला हास्याचा विषय न ठेवता अदाकारीचा विषय केले. अभिना अहेर यांनी मुंबईत उभ्या केलेल्या ‘डान्सिंग क्वीन्स’ने ट्रान्स नर्तकांना एकत्र आणले. दिशा पिंकी शेख यांची कविता तर सभा, मोर्चे, संमेलने या साऱ्या ठिकाणी पोचली, आणि ती ऐकताना श्रोत्यांना कविता आणि भाषण असा फरक करता येत नाही इतकी ती थेट असते. पण तिकिटाच्या खोलीतला मंच आणि चौक यांत एक अंतर आहे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक आधीच तयार होऊन आलेला असतो. चौकातला प्रेक्षक भाजी घेऊन चाललेला असतो. त्याने थांबायचे ठरवले तर ती दाद कमावलेली असते, आणि तो थांबला नाही तरी त्याने पाहिलेले असते. मुंबईत २००८पासून, पुण्यात २०११पासून अभिमान पदयात्रा निघतात. खान्देशातली मुले तिथे जाऊन नाचतात, रंगतात, झेंडे धरतात, आणि चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याच्या पॅसेंजरमध्ये बसण्याआधी चेहरा धुतात. महानगरात त्यांना ओळखणारे कुणी नसते म्हणून ती मोकळी असतात. धुळ्यात सगळे ओळखतात, म्हणून धुळ्यात केलेल्या एका छोट्या चित्राची किंमत कलावंताला महानगरातल्या मोठ्या पदयात्रेपेक्षा जास्त मोजावी लागते. ही गोष्ट महानगरातल्या आयोजकांनी समजून घ्यावी. लहान गावातल्या कलावंताला बाहेर या, दिसा असे सांगणे सोपे आहे. नंतर त्याच्या घरच्या दारात उभे राहायला कुणी येत नाही.

म्हणून दिसणे हे कुणावर लादू नये. चाळीसगावच्या केकी मूस यांची आठवण इथे येते. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात हा छायाचित्रकार जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःला मिटून राहिला, क्वचितच बाहेर पडला, टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून सृष्टी उभी करत राहिला. १९८९ मध्ये ते गेले. खान्देशाने त्यांच्या एकांताचा मान ठेवला, त्यांना कुणी बाहेर ओढले नाही. घरात राहणे हाही कलावंताचा हक्क आहे. फरक एवढाच की मूस यांनी दार स्वतः लावून घेतले होते. इथे ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत त्यांच्यातल्या अनेकांचे दार बाहेरून लावलेले असते. या प्रस्तावनेत मी जी नावे घेतली ती सर्व ज्यांनी स्वतः सार्वजनिक जीवनात मांडली त्यांचीच आहेत. ज्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे पण ज्यांनी आपले नाव गावासमोर ठेवलेले नाही, ते कलावंत इथे नावाने येत नाहीत, आणि वाचकांनीही त्यांचा माग काढू नये.

एक उणीव मात्र मला स्पष्ट बोलून दाखवायची आहे. वर सांगितलेली जवळजवळ सगळी परंपरा पुरुषाने बाईचे रूप घेण्याची आहे. नाच्या, मावशी, बालगंधर्व, होळीचे सोंग. उलट दिशेने चालणाऱ्यांना परंपरेनेही निमित्त दिले नाही. केस बारीक कापून शर्ट-पँट घालणारी मुलगी, जन्माने मुलगी ठरवला गेलेला ट्रान्स पुरुष, मैत्रिणीवर प्रेम करणारी बाई, यांच्यासाठी जत्रेतही सोंग नाही आणि मिरवणुकीतही जागा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या बायांच्या नाटक कंपन्या होत्या, त्यांत पुरुषभूमिका बायाच करत. त्यांच्या वाट्याला ना नाट्यगृहांवरची नावे आली, ना महोत्सव. मुलगा घरातून पळून फडात किंवा गुरूकडे जाऊ शकत असे, कितीही हाल झाले तरी. मुलीला पळून जायला तेवढाही फड नव्हता. घरातून एकटीने संध्याकाळी चौकापर्यंत जाण्याची परवानगीच जिला मिळत नाही, ती परांचीवर कधी चढणार? या कलावंतांचे काम आज सार्वजनिक जागेत सर्वांत कमी दिसते, आणि जे दिसते ते सर्वांत नवे असते, कारण त्यांच्या पाठीशी कुठलीही जुनी सबब नसते. पुढची पाने वाचताना त्यांचे काम कुठे सापडते आणि कुठे सापडायला हवे होते पण सापडत नाही, या दोन्हीकडे वाचकांनी सारखेच लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.